ती तुमची वाट बघते आहे

पत्राचा सारांश: पक्षीनिरीक्षकांना आपल्या नोंदी नकाशासह ठेवता याव्यात म्हणून चालवलेल्या एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाचे मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारे, लिहितात. गाभ्यातली माणसं तीन, तिघंही नोकरी सांभाळून काम करणारी. कोड पायथनमध्ये, जँगो या वेब फ्रेमवर्कवर, डेटाबेस पोस्टग्रेसचा, सगळं गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर. वर्षभरात चार नवे प्रोग्रॅमर उत्साहाने आले, ‘काय काम करू?’ असं विचारलं आणि महिन्याच्या आत दिसेनासे झाले. आता पाचवी आली आहे. तिला सांगितलं, ‘स्वागत आहे, यादीतला आवडेल तो इश्यू (नोंदवलेली चूक किंवा काम) घ्या.’ दहा दिवस शांतता. मग अचानक एकच पुल रिक्वेस्ट (आपले बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती) आली: ४१ फाइल्स, सुमारे १,८०० ओळी. त्यात नकाशावरची एक चूक दुरुस्त केलेली आहे, पण सोबत प्रजातींची नावं जुळवणारं मॉड्यूल नव्याने लिहिलंय आणि वाटेत आलेल्या फाइल्सची मांडणीही बदललीय. याला नऊ दिवस झाले. टेस्ट (कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) हिरव्या झाल्या की रिव्ह्यू करू असं तिघांचं ठरलं होतं, पण टेस्ट चाललेल्याच दिसत नाहीत. ते मॉड्यूल मुळात लिहिणारे सहकारी म्हणतात, ‘ज्याला यायचंय तो वाट काढतो, त्यात आपला वेळ घालवू नका.’ पत्रलेखकांना वाटतं, तिला थेट कमिटचे, म्हणजे मुख्य कोडमध्ये स्वतः बदल घालण्याचे, अधिकार दिले तर आपलेपणा वाटेल आणि ती टिकेल. काय करावं?

उत्तर:

पुढचं वाचण्याआधी ती पुल रिक्वेस्ट उघडा आणि खाली टेस्टच्या रकान्यात बघा. बहुधा तिथे वर्कफ्लो (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) मंजुरीसाठी थांबल्याची सूचना असेल आणि शेजारी एक बटण. गिटहबवर पहिल्यांदाच कोड पाठवणाऱ्याच्या बदलांवर टेस्ट आपोआप चालत नाहीत, मेंटेनरने परवानगी द्यावी लागते. पुल रिक्वेस्ट पाठवून दुसऱ्याच्या खात्यावर क्रिप्टोचलनाचं मायनिंग करून घेण्याचे प्रकार वाढले होते, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये ही अट आली. ते बटण तुम्हाला दाबता येतं, तिला नाही. तसं असेल तर नऊ दिवस ती तुमची वाट बघते आहे आणि तुम्ही तिची.

बटण दाबण्याआधी बदल एकदा नजरेखालून घाला, कारण अनोळखी माणसाचा कोड तुम्ही चालवणार आहात. तीन जागा नीट बघायच्या: वर्कफ्लोच्या फाइल्स, टेस्टच्या आधी चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि डिपेंडन्सींची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या पॅकेजची, यादी. फोर्कवरून (पाठवणाऱ्याच्या खात्यातल्या प्रकल्पाच्या प्रतीवरून) आलेल्या साध्या पुल रिक्वेस्टच्या टेस्टना तुमच्या गुप्त किल्ल्या मिळत नाहीत, त्यामुळे फार धास्ती नको. मात्र तुमच्या वर्कफ्लोत ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा ट्रिगर असेल आणि तो फोर्कमधला कोड उचलून चालवत असेल, तर तो आधी काढा. त्या वाटेने किल्ल्याही बाहेर जातात.

मग तिला आजच लिहा. सविस्तर रिव्ह्यू नको, पाच-सहा ओळी पुरेत. साधारण असं: ‘नकाशाची दुरुस्ती मिळाली, धन्यवाद. टेस्ट आमच्या मंजुरीसाठी अडकल्या होत्या, ते आमच्या लक्षात आलं नाही. आता चालू केल्या आहेत. बदल मोठा आहे, तो एकगठ्ठा तपासणं आम्हाला जमणार नाही. नकाशाचा भाग वेगळा केला तर तो याच आठवड्यात घेता येईल. शनिवारी किंवा रविवारी पाऊण तास स्क्रीन शेअर करून आपण दोघांनी तो वेगळा काढायचा का? नावांच्या मॉड्यूलबद्दल गुरुवारपर्यंत कळवतो.’ यात काय आहे ते बघा: चूक कुणाची ते सरळ सांगितलंय, काय जमणार नाही ते सांगितलंय, एक तारीख आहे आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असा एक प्रश्न आहे. ‘तुमचं मनःपूर्वक स्वागत’ हे शब्द नाहीत, आणि त्यांची उणीव तिला भासणार नाही.

आजच का, तर मोझिलाने आपल्या नव्या योगदानकर्त्यांचा मागोवा घेतला तेव्हा चित्र स्पष्ट होतं. पहिल्या पॅचला (पाठवलेल्या बदलाला) ४८ तासांच्या आत रिव्ह्यू मिळालेले लोक पुन्हा येण्याचं प्रमाण फार मोठं होतं, आणि सात दिवसांहून जास्त थांबावं लागलेल्यांपैकी जवळजवळ कोणीच परतलं नाही. तुमचे नऊ झालेत. पण तिने पुल रिक्वेस्ट मागे घेतलेली नाही, म्हणजे दार अजून उघडं आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे येऊ. आधीचे चौघं उत्साह ओसरला म्हणून गेले, असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही तसं, पण ते तपासता येतं आणि अर्ध्या तासात तपासून होतं. प्रत्येकाची शेवटची हालचाल शोधा. फोर्क केला पण स्वतःची एकही ब्रँच (बदलांसाठीची वेगळी शाखा) नाही, तर तो माणूस बहुधा सेटअपमध्येच अडकला. इश्यूवर ‘हे मी घेतो’ लिहून गायब झाला असेल, तर काम चुकीचं निवडलं गेलं. प्रश्न विचारला आणि खाली कुणाचंच उत्तर नाही, किंवा पुल रिक्वेस्ट अजून उघडीच आहे, तर तो गेला नाही. तुम्ही त्याला जाऊ दिलंत. चौघांच्या नावापुढे यातलं एकेक कारण लिहिलंत की पुढचे दोन महिने कुठे राबायचं ते समोर येईल. अनेकदा उत्तर सेटअप हे निघतं, आणि मेंटेनरना ते कधीच दिसत नाही, कारण त्यांच्या मशीनवर सगळं केव्हाचंच बसलेलं असतं.

तुमचा प्रकल्प नकाशांवर उभा आहे, म्हणजे जिओजँगो आणि पोस्टजीआयएस (जँगो आणि पोस्टग्रेसचे नकाशांसाठीचे भाग) बहुधा आलंच. हा सेटअप नवख्यासाठी खडतर असतो. पिप इन्स्टॉलने पायथनचे पॅकेज येतात, पण जीडॅल, जीओस आणि प्रोज या सिस्टिमच्या लायब्रऱ्या त्याने येत नाहीत. त्या वेगळ्या बसवाव्या लागतात. विंडोजवर तर जीडॅलची फाइल कुठे आहे ते अनेकदा सेटिंगमध्ये हाताने सांगावं लागतं. त्या नसल्या की ॲप सुरू होतानाच ‘जीडॅल सापडत नाही’ म्हणून कोसळतं, आणि नव्या माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. त्याच्यापुढचा सापळा अधिक लबाड आहे: ॲप चालतं, पण टेस्ट पडतात. जँगो टेस्टसाठी कोरा डेटाबेस तयार करतो. त्यात पोस्टजीआयएसचं एक्स्टेन्शन बसवायला पोस्टग्रेसचा युजर सुपरयुजर (सगळे अधिकार असलेला) असावा लागतो, आणि नवख्याने शहाणपणाने साधा युजर बनवलेला असतो. स्वतःच्या मशीनपुरता त्या युजरला सुपरयुजर करा, किंवा एक्स्टेन्शन आधीच टेम्प्लेट डेटाबेसमध्ये बसवून ठेवा, असं तुमच्या सेटअपच्या पानावर एका ओळीत लिहिलेलं असेल तर कुणाची तरी एक अख्खी संध्याकाळ वाचते.

तिसरी अडचण ओळींच्या शेवटाची. विंडोजवर गिट अनेकदा ओळींचे शेवट बदलून फाइल्स उतरवतं. मग कंटेनरमध्ये जाणारी शेल स्क्रिप्ट ‘अशी फाइलच नाही’ म्हणते, जेव्हा फाइल समोर दिसत असते. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टना एलएफ (लिनक्सच्या पद्धतीचा) शेवट सक्तीचा केला की हा प्रश्न कायमचा मिटतो. तिच्या ४१ फाइल्सपैकी काहींत असाच निव्वळ रिकाम्या जागांचा फरक असू शकतो. गिटहबवर बदल बघताना रिकाम्या जागा लपवण्याचा पर्याय आहे, तो लावून १,८०० पैकी किती ओळी उरतात ते आधी बघा.

यावर उपाय म्हणजे डॉकर कंपोजची (तयार कंटेनर उभे करणाऱ्या साधनाची) एक फाइल, जी पोस्टजीआयएससह डेटाबेस आणि जीडॅलसह ॲप एका आज्ञेत उभं करील, आणि सोबत नमुना डेटा भरणारी एक आज्ञा. नमुना डेटाशिवाय नकाशा कोरा दिसतो आणि कुठलीच चूक पुन्हा घडवून बघता येत नाही. दोनशेक काल्पनिक नोंदी पुरतील, पण त्यात मुद्दाम अडचणीच्या नोंदी घाला: १८० रेखांशाच्या दोन्ही बाजूंच्या, तारीख नसलेल्या, एकाच प्रजातीची दोन नावं असलेल्या. खऱ्या नोंदी मात्र देऊ नका. त्यात निरीक्षकांची नावं असतात, आणि दुर्मिळ पक्ष्यांच्या घरट्यांची नेमकी जागा तर चुकूनही बाहेर जायला नको.

सगळं झालं की तिघांपैकी एकाने कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर स्वतःचंच सेटअपचं पान अक्षरशः पाळून बघायचं, डोक्यातलं काहीही न वापरता. क्लोनपासून (कोड उतरवून घेण्यापासून) टेस्ट हिरव्या होईपर्यंत एक तासाच्या वर लागला तर काम बाकी आहे.

‘यादीतला आवडेल तो इश्यू घ्या’ हे तुम्ही चांगल्या मनाने म्हणालात. पण ज्याला प्रकल्पाची ओळखच नाही त्याच्यासाठी हे स्वातंत्र्य नसतं, परीक्षा असते. दोनशे इश्यूंच्या यादीत कुठला वीस ओळींचा आहे, कुठला तीन वर्षं कुणालाच सुटलेला नाही आणि कुठल्यावर तुमच्या तिघांत वाद चालू आहे, हे तिला कसं कळावं? ‘नकाशावर वेळ एक तास पुढे दिसते’ हा इश्यू वरून अगदी सोपा वाटतो, आणि आत टाइमझोन, उन्हाळी वेळ आणि जुन्या नोंदींचं स्थलांतर असं सगळं गाडलेलं असतं. उलट ‘तारीख रिकामी ठेवली तर फॉर्म चूक दाखवतो, पण कुठल्या रकान्यात ते सांगत नाही’ हे पहिल्या कामासाठी उत्तम: चूक दोन मिनिटांत पुन्हा घडवता येते, बदल एका-दोन फाइल्समध्ये राहतो, टेस्ट लिहिता येते आणि काम झालं की डोळ्यांना दिसतं.

असे पाच-सहा इश्यू कायम तयार ठेवा आणि त्यांना ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल लावा. ते लावलेले इश्यू गिटहब योगदानाच्या पानावर वेगळे दाखवतं. प्रत्येकात चूक कशी घडवायची, कुठल्या फाइलमध्ये बघायचं, तसंच काम आधी कुठे केलेलं आहे, कुठली टेस्ट हवी आणि कशाला हात लावायचा नाही, एवढं लिहा. शिवाय अडल्यास कुणाला विचारायचं, ते नावानिशी. एक इश्यू असा लिहायला वीसेक मिनिटं लागतात. ‘तेवढ्यात तर मी स्वतःच दुरुस्त करीन’ असं तुमचे सहकारी म्हणतील, आणि ते खरं आहे. म्हणून हे इश्यू तिघांनी हातच न लावता राखून ठेवायचे असा नियम लागतो, नाहीतर एखाद्या कंटाळवाण्या संध्याकाळी कुणीतरी सगळे फस्त करतो. घेतलेल्या इश्यूवर दोन आठवडे काहीच हालचाल नसेल तर विचारायचं, आणि उत्तर नाही आलं तर तो मोकळा करायचा. हे आधीच लिहिलेलं असलं की कुणाला अपमान वाटत नाही.

‘नव्यांना डॉक्युमेंटेशन द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. ज्याला प्रणाली माहीत नाही त्याने तिच्याबद्दल लिहायचं, आणि तेही अशा कामात ज्यात त्याला रस असेलच असं नाही! अपवाद एकच: सेटअपचं पान. ते करताना जिथे अडेल तिथे टिपून ठेवा, आणि तीच तुमची पहिली पुल रिक्वेस्ट, असं सांगा. ती चूक तुम्हा जुन्या लोकांना दिसूच शकत नाही.

आता त्या १,८०० ओळी. असं का झालं? तिने दहा दिवस एकटीने कोड वाचला, विचारायला ठरलेलं माणूस नव्हतं, लहान बदल हवेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि तिच्या एडिटरने फाइल सेव्ह करताना बहुधा मांडणी आपोआप बदलली. यात उद्धटपणा शोधू नका. आणि आळसापायी सगळं मर्जही (मुख्य कोडमध्ये सामीलही) करू नका. एवढा बदल कुणीही प्रामाणिकपणे तपासू शकत नाही. वाचणारा शंभर-दोनशे ओळींनंतर दमतो आणि ‘ठीक दिसतंय’ म्हणतो.

शनिवारच्या त्या पाऊण तासात असं करा. मुख्य ब्रँचवरून नवी ब्रँच काढा, तिच्या ब्रँचमधल्या नकाशाच्या फाइल्स या नव्या ब्रँचवर आणा, आणि गिट ॲडचा ‘पी’ पर्याय वापरून फक्त दुरुस्तीचे तुकडे निवडा. कीबोर्ड तिच्याकडे, तुम्ही नुसतं बोलायचं. तीस-चाळीस ओळी उरतील. त्यांची नवी पुल रिक्वेस्ट तिच्याच नावाने जाऊ द्या. वेळेअभावी तुम्हालाच कमिट करावा लागला तर कमिटचा लेखक म्हणून तिचं नाव घाला, किंवा निदान ‘को-ऑथर्ड-बाय’ ही ओळ जोडा. तिच्या नावाशिवाय तिचा कोड प्रकल्पात घेतलात तर पुढच्या कितीही गोड शब्दांनी ते भरून निघणार नाही.

मांडणीचा भाग माणसांनी वाद घालायचा विषयच नाही. फॉर्मॅटर (मांडणी आपोआप नीट करणारं साधन) कुठला ते एकदा ठरवा, प्री-कमिटमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत) बसवा, संपूर्ण कोड एकाच वेगळ्या कमिटमध्ये त्यातून काढा आणि ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते) बघताना तो कमिट वगळावा अशी नोंद गिटसाठी ठेवा. मग पुढच्या पाहुण्याचा एडिटर काहीही करो, बदल स्वच्छ येतील.

नकाशाच्या तुकड्यावर रिव्ह्यू लिहिताना ‘हे हवंच’ आणि ‘असं केलं तर बरं’ यांत शब्दांनीच फरक करा. नवख्याला मेंटेनरची प्रत्येक टिप्पणी हुकूम वाटते. पहिल्या फेरीत हवंच असे मुद्दे तीनपेक्षा जास्त असतील, तर काम चुकीचं निवडलं होतं असं समजा. प्रत्येक मुद्द्याला कारण द्या: ‘हे बदला’ नव्हे, तर ‘इथे नोंद नसेल तर None (रिकामं मूल्य) येतो आणि पुढची ओळ पडते’. व्हेरिएबलचं नाव, एखादी स्पेलिंगची चूक, राहिलेली रिकामी ओळ, यासाठी दुसरी फेरी नको. पुल रिक्वेस्ट पाठवताना मेंटेनरना बदल करू देण्याची खूण तिने ठेवली असेल तर ते तुम्हीच दुरुस्त करा, तिला कळवा आणि मर्ज करा.

उरलं ते नव्याने लिहिलेलं मॉड्यूल. इथे तुमच्या सहकाऱ्याचा राग मध्ये येतो आहे, हे तुम्हालाही जाणवलं असणार. तेव्हा त्या भागाचा निर्णय त्यांनी एकट्याने घेऊ नये, आणि त्यांना टाळून तुम्हीही नाही. तिला विचारा की जुन्या मॉड्यूलमध्ये तिला नेमकी काय अडचण दिसली. एखादी प्रजाती जुळत नाही असं खरं उदाहरण निघालं, तर त्याचा इश्यू करा, पडणारी टेस्ट लिहा, आणि ती टेस्ट पास करणारा लहानात लहान बदल मागा. ‘जुना कोड वाचायला अवघड गेला’ एवढंच उत्तर आलं, तर नम्रपणे नाही म्हणा. गुरुवारची तारीख दिली आहे, ती पाळा. स्पष्ट नकार लोक पचवतात. महिनोन्‌महिने उघडी राहिलेली पुल रिक्वेस्ट पचवत नाहीत.

एवढा कोड तिने एआयच्या मदतीने लिहिला असेल का, ही शंका हल्ली प्रत्येक मेंटेनरच्या मनात येते. कुजबुज नको, नियम हवा. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या प्रकल्पांपैकी जेंटूने २०२४ मध्ये अशा कोडला सरळ मनाई केली, नेटबीएसडीने त्याच वर्षी आधी लेखी परवानगी घेण्याची अट घातली, तर अनेक प्रकल्प तो घेतात. तुम्ही काहीही ठरवा, पण ते योगदानाच्या फाइलमध्ये लिहा. माझं मत विचाराल तर एक अट पुरे: पाठवणाऱ्याला प्रत्येक ओळ का आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. ती पाऊण तासाची बैठक हेही दाखवून देईल.

तुमचे सहकारी ‘वाट काढणारे येतातच’ म्हणतात, त्यात तथ्य आहे. पण ती गाळणी काय गाळते ते बघा. तिच्यातून पार पडतात ते भरपूर मोकळा वेळ असलेले, तुमच्यासारखंच मशीन असलेले आणि अनोळखी लोकांना तीनदा आठवण करून द्यायला न लाजणारे. उत्तम प्रोग्रॅमर हा त्यात वेगळा निकष नाही. नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणारी गूगल समर ऑफ कोड ही योजना २००५ पासून चालू आहे, आउटरीची त्याच धर्तीची. दोन्हीकडे प्रत्येक नवख्यामागे नाव ठरलेला मार्गदर्शक असतो. तिथे मानधनही असतं, ते तुम्हाला जमणार नाही. मार्गदर्शकाचं नाव ठरवणं जमेल.

वेळेची तक्रारही खोटी नाही. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच मांडलं, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. म्हणून मोठं रिलीज तोंडावर असताना नव्या माणसाला बोलावू नका. आलाच तर ‘अमुक तारखेनंतर वेळ देतो, तोवर सेटअप करून ठेवा’ असं सांगा. एरवी तिघांपैकी एकाने तीन महिने ही जबाबदारी घ्यायची, मग दुसऱ्याने. आठवड्याला दोन तास, ठरलेले. प्रत्येक प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर, मग ते ‘रविवारी बघतो’ एवढंच का असेना. प्रश्न शक्यतो सगळ्यांसमोर विचारले जावेत, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळतं. पण पहिले एक-दोन प्रश्न कुणी खाजगीत विचारले तर तिकडे ढकलू नका. उत्तर द्या आणि तेच सेटअपच्या पानात घाला. तुमचे ते नाराज सहकारी या पाळीत नसतील तरी चालेल. ज्याला मनापासून नको आहे त्याच्याकडे नवा माणूस देणं दोघांवर अन्याय आहे.

कमिटच्या अधिकारांबद्दल मात्र माझं उत्तर नाही असं आहे, निदान आत्ता. ज्याला कोड कुठे कसा जातो हे अजून माहीत नाही, त्याच्या हाती मुख्य ब्रँच दिली की त्याला आपलेपणापेक्षा धास्तीच जास्त वाटते. शिवाय २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या मेंटेनरने मदतीला आलेल्या एका स्वयंसेवकाकडे पॅकेज सोपवलं, आणि त्याने बिटकॉइनची पाकिटं लुटणारी डिपेंडन्सी आत घातली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या साधनातलं मागचं दार (चोरून शिरण्याची लपवलेली वाट) उघडकीला आलं. ते ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये गेलं होतं, आणि ते घालणाऱ्या खात्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला होता. एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर ‘अधिकार द्या’ म्हणून दुसऱ्या खात्यांनी दबावही आणला होता. यावरून तुमच्या पाहुणीवर संशय घेऊ नका. अधिकार वाटण्याची पद्धत मात्र लिहून ठेवा, म्हणजे नाही म्हणताना ते माणसावर जात नाही.

ही पद्धत पायऱ्यांची असू दे. प्रकल्प गिटहबवर संस्थेच्या खात्याखाली असेल तर ‘ट्रायेज’ ही भूमिका देता येते: लेबल लावणं, इश्यू बंद करणं, काम नेमून देणं हे करता येतं, कोड लिहिता येत नाही. चार-पाच पुल रिक्वेस्ट मर्ज झाल्या की ही द्या, आपलेपणा यातूनच येतो. नंतर, साधारण सहा महिन्यांच्या नियमित कामानंतर, कोड बदलू देणारी ‘राइट’. त्याआधी मुख्य ब्रँच सुरक्षित करा: कुणाचाही बदल, तुमचासुद्धा, दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय आत जाणार नाही. टू-फॅक्टर सगळ्यांना सक्तीचं. रिलीज करण्याचा अधिकार सगळ्यात शेवटी. पायपीआय या पायथन पॅकेजच्या भांडारावर ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ २०२३ पासून आहे. ते वापरलं तर रिलीज वर्कफ्लोतून होतं आणि कुणाच्या लॅपटॉपवर कायमचं टोकन (रिलीजची गुप्त किल्ली) पडून राहत नाही.

दोन गोष्टी पहिल्या मर्जच्या आधीच तिला सांगा, कारण नंतर त्या सुधारणं कठीण. एक म्हणजे ईमेल. कमिटमध्ये जो पत्ता असतो तो इतिहासात कायम राहतो आणि जगाला दिसतो. नको असेल तर गिटहबचा नोरिप्लाय पत्ता आधीच लावायला हवा. दुसरी तिच्या नोकरीची. काही करारांमध्ये कर्मचाऱ्याने लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगते, फावल्या वेळातल्यासुद्धा. तिने आपला करार एकदा वाचावा, असं सुचवा. आणि हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे असं योगदान देणाऱ्यानेच म्हणण्याची सोपी पद्धत हवी असेल, तर लिनक्स कर्नेलमध्ये २००४ पासून वापरात असलेलं डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन घ्या. गिट कमिटला ‘एस’ पर्याय लावला की साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ आपोआप येते, वकील लागत नाही.

नकाशाचा बदल मर्ज कराल त्या दिवशी दुसरं काम तयार ठेवा. पहिल्यानंतरची पोकळी फसवी असते: तिला वाटतं आता मागे लागणं बरं दिसणार नाही, तुम्हाला वाटतं तिला हवं असेल तर ती विचारेल. ‘हा जवळचाच इश्यू आहे, यातला नकाशाचा भाग तुम्हाला आता माहीत आहे, हवा असेल तर पंधरा तारखेपर्यंत तुमच्यासाठी राखतो’ असं लिहा. रिलीजच्या टिपणात तिचं नाव घाला, पण कुठल्या नावाने ते आधी विचारा. काहींना टोपणनाव हवं असतं, काहींना काहीच नको असतं. आणि एवढं करूनही ती दुसऱ्या कामानंतर थांबली, तर तिच्याकडचे इश्यू मोकळे करा, ट्रायेजची भूमिका दिली असेल तर सहा महिन्यांच्या शांततेनंतर कळवून काढून घ्या, आणि परत यावंसं वाटलं तर कुणाला लिहायचं ते त्याच निरोपात सांगा.